सायकलीची खांदेमळणी

बलभीमच्या हातांना बैलांची सवय होती आणि बैल तर उन्हाळ्यातच दावणीतून गेले. दारात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर वैरण मागत नाही, आजारी पडत नाही, पण त्याच्या पाठीवर हात फिरवला तर तो शहारतही नाही. पवळ्या-हरण्याची जोडी गेली तशी बलभीमची बोटं रिकामी झाली होती. पवळ्या म्हणजे काय साधासुधा बैल! मुरुमच्या बाजारात तो उभा राहिला, की त्याच्या सावलीत टेकायला माणसं पहाटेपासून नंबर लावून बसत. हे बलभीम स्वतःच सांगायचा, पण गावात, सास्तुरात, आजवर कुणी खोडून काढलं नाही, तेव्हा खरंच असणार.

रिकाम्या दावणीला आता सायकल उभी असायची. पोरीची, निकिताची. निकिता धाराशिवला कॉलेजात शिकत होती आणि तिथल्या दीपमाला नावाच्या मुलीनं डोंगर चढायच्या सायकलींचा नाद लावला होता. दीपमालानं नवी सायकल घेतली आणि जुनी निकिताला दिली. जाड दातेरी टायरं, पुढं स्प्रिंगा, नांगराच्या रुमण्यासारखं रुंद हँडल. सुट्टीला येताना निकिता ती एसटीच्या टपावर टाकून घेऊन आली. पोळ्याच्या दिवशी दीपमालाचा गट नवशिक्यांना पहिल्यांदा डोंगर उतरवणार होता. तो डोंगर नळदुर्गाच्या अलीकडं, म्हसोबाच्या माळावर.

सायकल आली ती एकटी नाही आली. मागनं सामान आलं. गुडघ्याच्या वाट्या, कोपरांच्या वाट्या, हातमोजे, मोठा चष्मा, पाठीला लावायची पाण्याची पिशवी आणि तिची तोंडापर्यंत येणारी नळी, जादा ट्यूब, वीतभर पंप. बलभीम एकेक वस्तू उचलून बघायचा.

"कडूबाई, बघ गं. बैल इकले आन् पोरीला झूल चढवायची पाळी आली."

"हसा," चुलीपुढून कडूबाई म्हणायची.

"ह्या नळीतनं पाणी प्यायचं? हात काय गहाण टाकलेत?"

"अण्णा, हात हँडलवर लागतेत," निकिता म्हणायची.

शेवटी हेल्मेट निघालं तेव्हा मात्र बलभीमला हसू आवरेना. वर भोकं भोकं, आत स्पंज. "ही टोपी हाय का चाळणी? गहू चाळून घे गं हिच्यात!"

कडूबाई उठून आली. तिनं पदर मागं सारला आणि केसांच्या भांगाशेजारची लांब पांढरी खूण नवऱ्याला दाखवली. भूकंपाच्या पहाटे माळवदाचा दगड पडला होता, त्याची. "डोस्क्यावर दगड पडताना बघितलेल्या गावात टोपीला हसताव? लाज वाटू द्या. निकी, हे घातल्याबिगर सायकलीवर पाय टाकलास तर माझ्याशी गाठ हाय."

बलभीमनं हेल्मेट खाली ठेवलं. पण मनातून पटलं नव्हतंच. पोरीच्या डोक्याला काय होणार, लेक कुणाची होती!

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरोघरी खांदेमळणी चालू झाली. सालभर जू ओढून बैलांचे खांदे सोलतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या सांजेला पळसाच्या पानानं त्यावर तूप-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बलभीम ओसरीवर बसून शेजाऱ्यांच्या घुंगरांचा आवाज ऐकत राहिला. मग उठला. बोटं ऐकेनात.

निकितानं त्याला बजावलं होतं, "तेल फक्त साखळीला, अण्णा, थेंबथेंब. बाकी हात लावू नका." त्यानं मान डोलावली होती. पण ते तेलाचं झालं. तुपाचं कुठं काय म्हणाली होती? निकिता आईबरोबर पुरण वाटत होती तेवढ्यात त्यानं वाटीत तूप घेतलं, हळद घातली आणि सायकलीपुढं उकिडवा बसला.

आता सायकलीचा खांदा कुठला? बलभीमनं नीट बघितलं. प्रत्येक चाकाच्या मधोमध ताटलीएवढी पोलादी चकती होती आणि तिच्यावर गोलगोल चरे पडले होते. काहीतरी सारखं घासत असणार तिथं. जुवाखालचा खांदा असाच दिसतो. "किती गं घासलंय लेकराला," तो पुटपुटला आणि पानानं तूप चोळायला लागला, पुढच्या चकतीला, मागच्या चकतीला, आत जिथं बोट गेलं तिथं. मग धोतराच्या सोग्यानं असं पुसलं, की चकतीत स्वतःच्या मिशा दिसाव्यात. हँडलापाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." कित्येक महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली.

भल्या सकाळी दीपमालाची जीप आली, सायकल मागं चढवली आणि निकिता गेली.

ऊन वर आल्यावर बलभीम फकरुद्दीनच्या दुकानात गेला. फकरुद्दीनचं सायकल-पंक्चरचं दुकान स्टँडसमोर. दोघं एका वर्गात नापास झाले होते, त्यामुळं दोस्ती पक्की.

"यंदा खांदेमळणी केली न्हाईस, असं ऐकलं," ट्यूबला पॅच दाबत फकरुद्दीन म्हणाला.

"कोण म्हणतं? केली की. पोरीच्या सायकलीची केली."

"सायकलीची?" फकरुद्दीन हसला. "सायकलला खांदा हाय का, येड्या?"

"तुला काय कळतंय, तू नुसता हवा भरणारा. चाकात चकती असती बघ, लई झिजली हुती. तूप-हळद अशी चोळली, अशी चोळली, आरसा केला आरसा!"

फकरुद्दीनच्या हातातली ट्यूब खाली पडली. "चकतीला?"

"व्हय."

"दोन्ही?"

"एका खांद्याला लावून दुसरा कोरडा सोडतेत का?"

"या अल्ला. अरे बलभीमा, त्योच ब्रेक हाय तिचा! चिमटा त्या चकतीला धरतो तवा गाडी थांबती. त्याला तूप लावलंस? त्यो धरणार कशाला?"

बलभीमला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. पोरगी कुठं निघाली होती? डोंगर उतरायला.

त्यानं फोन लावला. ती बया सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तीच बया. दीपमालाचा नंबर कुणाकडंच नव्हता.

"बस मागं," फकरुद्दीन मोटारसायकल काढत म्हणाला. ही मोटारसायकल एकदा मालकाशिवाय उताराला लागली आणि उमरग्याला जाऊन पेट्रोल भरून आली, असं सास्तुरात लहान पोरंही सांगतात. पण त्या दिवशी ती काही केल्या पळेना. पोळ्याचा दिवस, सगळ्या गावांचे बैल धुवायला ओढ्याकडं निघालेले. रस्ताभर पाठी आणि शिंगं. बलभीम आयुष्यात पहिल्यांदा बैलांवर ओरडला.

"बलभीमराव," कुणीतरी हाक दिली, "यंदा मोटारसायकल धुवायला निघालाव व्हय?"

एरवी बलभीमनं त्याला तीन पिढ्या मागं नेऊन सोडला असता. आता नुसता फकरुद्दीनच्या खांद्याला धरून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांपुढं कडूबाईच्या डोक्यावरची खूण येत होती. पोरीनं ती चाळणी घातली असेल ना? का आपण हसलो म्हणून लाजेनं काढून ठेवली असेल? एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

म्हसोबाच्या माळाखाली जीप उभी होती, तिच्याजवळ कुणी नव्हतं. बलभीमनं वर बघितलं. डोंगराच्या अंगावरून पायवाट वळणं घेत खाली येत होती. वरच्या टोकाला ठिपके हलत होते. त्यातला एक ठिपका सुटला.

"निके! थांब! उतरू नगंस!"

वारा उलटा होता. ठिपका मोठा होत आला, पिवळा सदरा दिसायला लागला. पिवळा सदरा निकिताचा. पहिलं वळण तिनं घेतलं. दुसऱ्याला सायकलीतून एक लांब किंकाळी निघाली, ब्रेकची, आणि वेग मात्र कमी झाला नाही. निकिताचे दोन्ही पाय जमिनीवर घासत होते. वाटेच्या शेवटी दगड रचलेली भिंतीसारखी ताल होती, आणि तालीपलीकडं रस्त्यावरून खडी वाहणारे टिपर जात होते.

बिथरलेल्या गाडीला कसं थांबवतात? बैल उधळले, की कासरा ओढून उपयोग नसतो, गाडी मऊ रानात घालायची. बलभीमनं हे शेकडो वेळा केलं होतं आणि हजारो वेळा सांगितलं होतं. वाटेच्या डाव्या अंगाला ज्वारीसाठी कुळवाची पाळी घालून ठेवलेलं काळं रान होतं, रात्रीच्या पावसानं लोण्यासारखं मऊ. तो त्या रानाच्या कडेला धावला, डोक्याचा पटका सोडून दोन्ही हातांनी फडकवला आणि पवळ्याला घालायचा तो आवाज काढला. "हाऽऽऽ रानात! रानात घाल! डावीकडं घाल, निके!"

लहानपणापासून गाडीत बापाशेजारी बसून तिनं ती हाळी ऐकली होती. विचार न करता तिचं हँडल वळलं. सायकल काळ्या मातीत शिरली, पुढचं चाक आऱ्यांपर्यंत रुतलं, आणि निकिता हँडलावरून उडून बांधावर आदळली. डोकं बांधाच्या दगडावर. आवाज आला. नारळ फुटतो तसा.

बलभीमला वाटेतली माती संपेना. एक चप्पल तिथंच राहिली. तो पोचला तेव्हा निकिता उताणी पडली होती, डोळे उघडे. हेल्मेट कपाळापासून मागपर्यंत तडकलं होतं. त्यानं हेल्मेटखाली बोटं घालून तिच्या डोक्याला हात लावला. पुन्हा पुन्हा लावला. कोरडं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी इथं कसं?"

बलभीमकडं गोष्टींचा एवढा साठा, पण त्या वेळी एकही उपयोगाची निघाली नाही.

"उभ्या उभ्या ब्रेक दाबून बघितला हुता," निकिता हळूहळू उठून बसली. मनगट सुजायला लागलं होतं. "घट्ट हुता की. मग असं कसं..." तिनं शेजारी पडलेल्या सायकलीकडं हात नेला, वरची चकती बोटानं पुसली आणि बोट नाकाशी धरलं.

"हळद हाय," ती म्हणाली. "तूप बी."

बलभीम खाली बघत होता.

"खांदेमळणी केलीत?"

"व्हय."

"आवतण बी दिलं असंल."

"दिलं," तो म्हणाला. "पवळ्या नव्हता गं घरात."

ती रडली का हसली ते त्याला समजलं नाही. खांदे हलत होते एवढं खरं. वरून दीपमाला आणि गटातली पोरं धावत येत होती. फकरुद्दीन लांबूनच ओरडला, "डोस्कं हलवू नगंस! आधी दवाखाना!"

सायकल ढकलून नेणं शक्य नव्हतं. काळ्या मातीनं दोन्ही चाकं गच्च भरली होती. बलभीमनं ती खांद्यावर घेतली. लोखंडी दांडा हाडात रुतत होता, पण तो कुणाला हात लावू देईना.

"आता उद्या तुझ्याच खांद्याला तूप चोळायला लागतंय बघ," शेजारून चालत फकरुद्दीन म्हणाला.

बलभीम पुढं बघत चालला होता. दीपमालाच्या आधारानं निकिता जीपकडं निघाली होती, डोक्यावर तडकलेलं हेल्मेट तसंच. ती थोडी अडखळली, की तो थांबायचा. ती चालायला लागली, की तोही चालायचा.