पुंजाजीबाबाच्या दंडावरचा बिब्बा

मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात सोमवारी पाय ठेवायला जागा नसे. शेलूबाजारहून, केनवडहून जीपा भरून माणसे येत. मांडवातल्या फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या असत आणि प्रत्येकीत चामड्यासारखा एक काळा, वाळलेला तुकडा.

"हे पाहा माय, रोगाची मुळं!" पुंजाजीबाबा छडीने बरणी वाजवत म्हणे. "डॉक्टर वरून कापते अन् मूळ आतच ठेवते. त्याचं दुकान चाललं पाह्यजे ना! आपली जडी मूळच ओढून आणते."

जडी म्हणजे कोळशाच्या भुकटीत कालवलेले बिब्ब्याचे तेल. हे त्याने लपवले नव्हते. उलट खांबाला वर्तमानपत्राचे कात्रण प्लास्टिकमध्ये घालून टांगले होते: 'बिब्ब्यात कर्करोगाच्या पेशी मारणारी द्रव्ये'. बातमी खरी होती, हीच अडचण होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत त्या पेशी खरोखरच मेल्या होत्या.

आणि आमच्याकडे बिब्बा कोणाला नवा? काटा मोडला की बिब्ब्याचा चटका, टाच भेगाळली की बिब्बा. बिब्बे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात त्याने सोलून निघतात. अंगावर फोड आले की म्हणायचे, बिब्बा उतला. उतला म्हणजे रोग बाहेर पडला, असे म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे. आग जितकी जास्त, तितके औषध खरे. बाबाचा सगळा धंदा या एका समजुतीवर उभा होता.

"निरोग्याले ही जडी चाटत बी नाही!" असे म्हणत तो स्वतःच्या मनगटावर लेप लावी, जरा गप्पा मारी आणि खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून टाकी. हात कोरा. टाळ्या. रोग्याच्या अंगावर मात्र तोच लेप पानाखाली तीन दिवस बांधलेला राही.

धनीबाईच्या स्तनात गाठ होती. अकोल्याला तपासणी झाली होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. पण बाबाचा एक लेप झाला, कातडी काळी पडून गळाली आणि तिची बरणी फळीवर गेली. आता दुसरा लेप व्हायचा होता. ऑपरेशनला जायचे नाही, असे तिच्या नवऱ्याने, लालसिंगने, ठरवून टाकले होते. त्यांची मुलगी रुचिका माझ्याकडे आली. ती शिकत होती त्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो.

"सर, तुमी येऊन सांगा. माहं कोणी ऐकून नाही राह्यलं."

मी चार लोकांत कधी धड बोललेलो नाही. शिवाय मी ना डॉक्टर, ना वैद्य. नुसता वाचलेला माणूस. वाचलेलेच चुकीचे निघाले तर? म्हणून तिच्या आईच्या वाटीत उरलेला लेप मागून घेतला आणि माझ्या दंडावर बांधला. तीन दिवसांनी सोडला तेव्हा फोड आले होते आणि मधोमध काळी खपली धरली होती.

सोमवारी मांडवात बाही वर केली. "हा हात... निरोगी होता," एवढेच शब्द फुटले.

बाबा खदखदून हसला. "निरोगी? मंग जळला काहून? अरे बाप्पा, सरले कॅन्सर हाये!"

शेजारचा माणूस चटकन सरकून बसला. बायकांनी पोरे जवळ ओढली. "म्हणूनच सर असे वाळले!" मागून कोणीतरी म्हणाले आणि अख्खा मांडव हसला. खरे सांगतो, क्षणभर मलाही वाटले, असेल का?

रुचिका उभी राहिली. "जळला तो रोगी ना? मंग इथं बिनरोगाचा कोण हाये, बाबा?"

"मी! भगवंताची कृपा!"

"मंग तुमच्याच दंडाले बांधू. तीन दिवस."

छडी थांबली. "मी तं रोजच लावतो, पोरी."

"लावता अन् पुसता. बांधत नाही."

"त्याले देवीची आज्ञा लागते..."

लालसिंग उठला. बाबावरच्या श्रद्धेनेच उठला. "बांधून घ्या बाबा. या पोट्टीचं तोंड एकदाचं बंद होऊ द्या."

बाबा मागे सरकला, तसे त्याच्याच चौघा भक्तांनी त्याला धरले. "भेता काहून बाबा? तुमाले काय होते!" जाड लेप चोपडून पट्टी आवळली. मग त्याला समाजमंदिरात बसवून दारात पहारा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो ओरडू लागला, "सोडा रे, जळून राह्यलो!" बाहेरून त्याचीच नक्कल येई: "सोसा बाबा, मूळ निघून राह्यलं!" त्या हशात मीही सामील होतो. आज ते आठवून बरे वाटत नाही.

पट्टी सोडली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. कोणीतरी छडीने काळी खपली उचकटली. बाबा किंचाळला. खपली रिकाम्या बरणीत पडली, बरणी फळीवर गेली. शेजारच्या तुकड्यांत आणि या खपलीत काडीचा फरक नव्हता.

"घ्या, बाबाच्या रोगाचं मूळ!"

या वेळी लालसिंग हसला नाही. बायकोच्या बरणीकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग जीप शोधायला गेला.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी धनीबाईला तपासले. "गाठ आहे तिथेच आहे. पण वरची जखम भरल्याशिवाय आता चाकू लावता येणार नाही. थांबावं लागेल. गाठ थांबेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

"मंग बाई, इतकं जळलं ते काय होतं?" धनीबाईने विचारले.

"तुमची चांगली कातडी."

काचेच्या ताटलीत पेशी मारणे अवघड नाही. उकळते पाणीही मारते, तेजाबही मारते. आजारी पेशी मारून शेजारची चांगली पेशी जिवंत ठेवणे अवघड आहे. बिब्ब्यातल्या द्रव्यांवर कदाचित कोणी तसे कामही करील. झाले तर मला आनंदच होईल. पण तोवर असे कात्रण कोणी तुमच्यापुढे धरले, तर एवढेच विचारा: चांगल्या पेशींचे काय झाले? उत्तर मिळेपर्यंत अंगाला काही लावून घेऊ नका आणि ऑपरेशनची तारीख मोडू नका.