दरीचं पान

कांचनने ‘आजच आरक्षण करा’ हे हिरवं बटण काढून टाकलं. मग खोल्यांची छायाचित्रं काढली, न्याहारीच्या पदार्थांचं पान काढलं, शेकोटीभोवती हात शेकत हसणाऱ्या पाहुण्यांचं पान काढलं. प्रत्येक वेळी यंत्र विचारायचं, नक्की काढायचं का? ती ‘हो’ म्हणायची आणि चहाचा घोट घ्यायची. खिडकीबाहेर लखनऊच्या महानगर भागातली गल्ली दाट धुक्यात बुडाली होती. कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, पण ना माणूस दिसत होता ना स्कूटर.

कुमाऊँच्या डोंगरात सुट्टीसाठी घरं देणारी ती कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. तिची वेबसाइट कांचननेच पहिल्यापासून सांभाळलेली. नवऱ्याला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हा दोघं साताऱ्याहून लखनऊला आली आणि घरी बसून करता येईल असं हे काम तिला मिळालं. आता कंपनीतले बाकीचे सगळे पांगले होते. न्यायाधिकरणाने कारभारासाठी नेमलेल्या रिझवी साहेबांनी मात्र तिला ठेवून घेतलं होतं, कारण कायद्याच्या नोटिसा वेबसाइटवर लावाव्या लागतात. नोटिसा सोडून बाकी सगळं उतरवा, असं त्यांनी कालच कळवलं होतं. त्यांच्या संदेशाची सुरुवात नेहमीप्रमाणे ‘ज़हमत न हो तो’, म्हणजे तसदी होणार नसेल तर, अशी होती.

शेवटी दरीचं पान उरलं.

ते तिच्याच डोक्यातून निघालेलं होतं. डोंगरावरच्या सगळ्यात उंच घराच्या छपराखाली, सज्जाच्या कठड्याशी एक कॅमेरा बसवलेला होता आणि समोरची दरी त्या पानावर दिवसभर दिसत राहायची. देवदारांचे शेंडे, खाली वळत गेलेली पायवाट, दूरवर बर्फाची शिखरं. आवाज नव्हता. लखनऊत डोळ्यांपुढचा हात दिसत नव्हता आणि तिथे ऊन इतकं स्वच्छ पडलं होतं की एकेक झाड वेगळं मोजता आलं असतं. पानाच्या तळाशी, आत्ता किती जण पाहत आहेत, तो आकडा असायचा. गेलं वर्षभर तिथे बहुतेक वेळा एकच दिसे. इंटरनेटवर फिरत राहणारं एखादं यंत्र असेल, असं ती समजत आली होती. तिने थोडा वेळ दरीकडे पाहिलं आणि पान काढून टाकलं.

दुपारी कंपनीच्या पत्त्यावर हिंदीत एक मेल आली. सकाळपासून दरी दिसत नाही, तिथे धुकं आहे की आमच्या मशीनमध्ये काही बिघाड आहे, पत्नी सारखी विचारते आहे, कृपया कळवावे. खाली नाव होतं, जगदीश वैरागडे, इंदिरा नगर.

कांचनने नाव दोनदा वाचलं. मग तिने ते पान परत चढवलं आणि मराठीत उत्तर लिहिलं, ‘काका, आता बघा. दिसतंय का?’

काही क्षणांत तळाशी एकचा आकडा उमटला.

पान फार दिवस राहणार नव्हतं. ते प्रत्यक्षच सांगावं म्हणून त्या आठवड्यात ती इंदिरा नगरला गेली. वैरागडे काका बँकेतून निवृत्त झालेले. मूळचे भंडाऱ्याचे, पण बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. त्यांनी तिला थेट मागच्या खोलीत नेलं. लीलावतीकाकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. पलंगाशेजारची खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडत होती आणि समोर टीव्हीच्या पडद्यावर दरी होती.

काकांनी सांगितलं ते असं. दोघांनी कंपनीचं सदस्यत्व घेतलं, पहिल्यांदाच डोंगरात जायचं ठरलं, स्वेटर बाहेर काढले आणि निघायच्या आदल्या आठवड्यात काकू न्हाणीघरात पडल्या. तेव्हापासून त्यांना उठता आलं नाही. आपण जाणार होतो ती जागा तरी कशी आहे ते बघू, म्हणून काकांनी एकदा ते पान उघडलं. मग ते बंदच केलं नाही.

काकूंनी कांचनला जवळ बसवून घेतलं. तुमची कंपनी बुडाली ते आम्हाला ठाऊक आहे, त्याचं काही नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना दुसरंच काही बोलायचं होतं. ढग दरीतून वर कसे चढतात, कोल्ह्याची जोडी कुठल्या दगडाआडून येते, हे त्या गल्लीतल्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत होत्या.

“आणि तो माणूस रोज सकाळी येतो,” त्या म्हणाल्या. “मफलरने काच पुसतो. त्याआधी टोपी काढून केस नीट करतो. कोण गं तो?”

“मोहन सिंह. तिथला चौकीदार.”

“मोहन,” काकू पडद्याकडे बघत म्हणाल्या. “मला वाटलंच होतं असं काहीतरी साधं नाव असेल.”

पान बंद होणार आहे हे कांचनला त्या खोलीत सांगता आलं नाही. निघताना दारात तिने ते काकांना सांगितलं. काकांनी मान हलवली, तिच्या हातात मोसंबी ठेवली, आणि रिक्षा मिळेपर्यंत तिच्यासोबत कोपऱ्यावर उभे राहिले.

घरी आल्यावर तिने रिझवी साहेबांना फोन केला. डोंगरावरची मालमत्ता विकली जाईपर्यंत ते एक पान राहू द्यावं, एवढंच मागणं होतं. कारण विचारल्यावर तिने काकूंबद्दल सांगितलं. मग ते म्हणाले, “कैमरा तो चौकीदारी में आता है, कांचनजी. रहने दीजिए.”

दुसरा फोन तिने मोहन सिंहला केला. पगाराच्या चौकशीपलीकडे त्यांचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. तुला रोज सकाळी कुणीतरी बघतं, असं तिने सांगितलं तेव्हा तो घाबरला. साहेब लोक आपल्यावर नजर ठेवतात, आपण झोपलो तर नाही ना हे बघतात, अशी त्याची इतकी वर्षं समजूत होती. म्हणूनच तो केस नीट करत असे. बघणारी एक आजारी म्हातारी आहे आणि ती तुझ्याकडे नव्हे, तुझ्या दरीकडे बघते, हे त्याला पटायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी काच पुसून झाल्यावर तो लगेच गेला नाही. कॅमेऱ्यापुढे जरा घुटमळला, मग हात जोडून खाली उतरला. पुढे पुढे त्याची भीड चेपली. बर्फ पडलं तेव्हा त्याने ओंजळभर बर्फ काचेसमोर धरून दाखवलं. बुरांशच्या झाडांना फुलं आली तेव्हा एक लालभडक फांदी आणून ती इतका वेळ धरून ठेवली की पडदा सगळा लाल झाला. काकूंनी त्याचा नंबर मागून घेतला आणि त्याला एकदा कॅमेरा थोडा डावीकडे वळवायला लावला. तिकडे झाडीत एक मंदिर होतं. इतके दिवस त्यांना त्याचा नुसता कळस दिसत होता.

कांचनही कामाला बसली की ते पान कोपऱ्यात उघडं ठेवू लागली. कधी कधी तळाशी दोनचा आकडा दिसे, त्यातली एक ती स्वतः. क्वचित तीन दिसत. तो तिसरा कोण, हा प्रश्न तिने रिझवी साहेबांना कधी विचारला नाही.

होळीनंतर मालमत्तेला गिऱ्हाईक मिळालं. नवे मालक जुनी घरं पाडून मोठं हॉटेल बांधणार होते. ताबा द्यायच्या दिवशी पान उतरवायचं ठरलं. त्या सकाळी मोहन आला, त्याने काच पुसली, पण समोर उभा राहिला नाही. एक मोडकं स्टूल आणून तो कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, पाठमोरा बसला. पडद्याच्या कडेला त्याचा खांदा आणि टोपी, आणि पुढे सगळी दरी. शेजारी कुणीतरी बसलेलं असावं आणि दोघांना बोलायची घाई नसावी, तसा तो बसून होता. कांचन थांबली, पुन्हा थांबली. ऊन पायवाटेपर्यंत उतरल्यावर तिने पान काढून टाकलं.

संध्याकाळी काकूंना काय बोलावं ते न सुचून तिने काकांना फोन केला. काकूंनीच उचलला. मोहनचा फोन आला होता म्हणाल्या. नव्या मालकांनी त्याला ठेवून घेतलं आहे. रोज सकाळी फोन करून दरीत काय चाललंय ते सांगीन, असं तो आपणहून म्हणाला.

कांचनला हायसं वाटलं. तिला एका शाळेच्या वेबसाइटचं काम मिळालं आणि कंपनीच्या वेबसाइटवर आता नोटिसांचं एकच करडं पान राहिलं. ते बघायला कुणी येत नसे.

मे महिन्यात ती इंदिरा नगरला गेली तेव्हा लूचा भाजणारा वारा अजून सुटला नव्हता, पण सकाळीच रस्ते उन्हाने पांढरे पडले होते. कूलरच्या वाऱ्याने पडदा फुगत होता. टीव्हीवर काकांनी कापड घातलं होतं. काकू थोड्या वाळल्या होत्या, पण डोळे तसेच होते.

“बस. त्याची वेळ झालीय,” त्या म्हणाल्या.

फोन वाजला. काकूंनी आवाज खोलीभर ऐकू येईल असं केलं आणि डोळे मिटून घेतले. मोहन सिंह सावकाश बोलत होता. आज हवा थंड आहे. शिखरं उघडली आहेत, अगदी दुधासारखी. मंदिराकडून एक म्हातारा बकऱ्या घेऊन उतरतो आहे. पायवाटेच्या वळणावर काफळाचं झाड फळांनी लाल झालंय आणि पोरं...

त्याच्या बोलण्यामागे आधी नुसती रहदारीची गुणगुण होती. मग दुचाकीचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा, आणि एका बाईचा चिडलेला आवाज स्पष्ट आला.

“गार्ड भैया! टावर दो का गेट खोलिए, ऑफिस को देर हो रही है!”

मोहनचं बोलणं तुटलं. कांचनने काकांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, पण वाचलं नाही. काकूंचे डोळे मिटलेलेच होते.

“मोहन,” त्या म्हणाल्या, “जाइए, पहले गेट खोल आइए. हम रुके हैं.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. चपला घाईने गेल्या. लोखंड फरशीवर घासलं, गाडी सुरू होऊन दूर गेली, जवळच कुणीतरी खरबुजं विकत ओरडत गेलं. कूलरमधलं पाणी ठिबकत होतं. फोन बंद झाला नाही.

“माताजी...” बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला.

काकूंनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“काफळ के पेड़ तक आए थे आप,” त्या म्हणाल्या.

पलीकडे त्याने घसा साफ केला. मग दरीतली पोरं झाडावर चढली, त्यातलं सगळ्यात धाकटं खालीच राहिलं, आणि त्याने आपला सदरा पसरून धरला.