नवऱ्याची हरकत नाही

"इस्त्रीचं विचारलं तर घरीच करते म्हणून सांगा," वकीलबाईंनी कोर्टाच्या पायऱ्यांवर पुन्हा एकदा बजावलं.

"नाही सांगणार."

सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणायचा, आणि तिच्या नकारापुढे भलेभले डॉक्टरही गप्प बसायचे. ती कोर्टात थोडीच बदलणार! नवरा मारतो, छळतो असलं काही तिने अर्जात लिहूही दिलं नव्हतं. त्याने कधी हात उगारला नव्हता. फक्त लग्न झाल्यापासून तिच्या प्रत्येक बोलण्यावर 'तुला काय कळतंय' म्हणत आला होता, आणि एक दिवस तिचा जीव विटला. ती वरच्या खोलीत राहायला गेली, तो खाली आपल्या लाँड्रीच्या मागे राहिला. स्वयंपाक वेगळा, कुलूप वेगळं. दोघांची संमती आणि वर्षभर वेगळं राहणं, एवढ्यावर कायद्याने सुटका होत होती. पण एकाच छपराखाली राहून वेगळं, हे न्यायाधीशबाईंना पटायला हवं होतं. नाही पटलं तर सगळं पाण्यात.

न्यायाधीशबाई खमक्या. ड्यूटीवरून थेट आलेल्या सिस्टरच्या युनिफॉर्मवर त्यांची नजर खिळली. बाहीची घडी कशी सुरीसारखी.

"ही इस्त्री कुणाची?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"यांची." सिस्टरने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"नवरा अजून तुमच्या कपड्यांना इस्त्री करतो? मग वेगळं कसलं राहता?"

"गिऱ्हाईक म्हणून टाकते, मॅडम. रांगेत उभी राहते. गल्लीत दुसरी लाँड्री आहे, पण तो मेला बटणं फोडतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत.

"असं कुणीही म्हणेल."

सिस्टरने कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला काळ्या शाईच्या दोन रेघा आणि एक टिंब होतं.

"गिऱ्हाइकाची खूण आहे, मॅडम," लाँड्रीवाला पहिल्यांदाच बोलला. "कुणाचे कपडे कुणाला जाऊ नयेत म्हणून. घरच्या कपड्यांवर घालत नाही आम्ही. ते ओळखू येतात."

"मग यांच्या कपड्यांवर?"

"वर राहायला गेली त्याच आठवड्यात हिने काउंटरवर युनिफॉर्म ठेवला. मी सवयीने तसाच बाजूला टाकला. हिने परत पुढे सरकवला, म्हणाली, खूण घाला." त्याने घसा खाकरला. "मी म्हटलं, तुला काय कळतंय. आणि घातली."

न्यायाधीशबाईंनी अर्ज पुढे ओढला.

"घटस्फोटाला तुमची हरकत आहे का?"

"तेव्हाच घ्यायला हवी होती, मॅडम. आता नाही."

न्यायाधीशबाईंनी सही केली. सिस्टरने कॉलर सरळ केली. एवढ्या वर्षांत तिचं बोलणं त्याने पहिल्यांदाच मानलं होतं, आणि नेमकं ही खूण घालण्याचं. तिला त्याची मनापासून दया आली. निर्णय बदलावा असं मात्र क्षणभरही वाटलं नाही.