कासवावर पाय द्यायचा नाही

आमच्या लहानपणी मांडवीत व्हिडिओ गेम असलेली घरं मोजकीच होती, आणि त्यात कासवाचं सोवळं पाळणारं घर फक्त आमचं. कासवाच्या डोक्यावर उडी मारून पुढे सरकायचं, हा त्या गेमचा साधा नियम. पण आई कडाडायची, "वेळणेश्वराला देवापुढच्या कासवाला नमस्कार करता, आणि इथे त्याच्यावर नाचता? मेल्यांनो, नरकात जाल!"

मग मी आणि सर्वेशदादा कासव चुकवायला लांब उडी मारायचो आणि थेट खड्ड्यात पडून मरायचो. शेजारच्या पोरांनी शेवटचा राक्षससुद्धा लोळवला, आम्ही आपले पहिल्याच पुलावर.

यंदा गणपतीत दादाने माळ्यावरून तो गेम काढून टीव्हीला जोडला. त्याच्या लेकीने, ईशाने, बसल्या बसल्या तीन कासवं चिरडली. चाळिशी उलटलेले आम्ही दोघं बावळटासारखे हात जोडून बसलो.

आई खो-खो हसत सुटली. "अरे, टीव्हीतलं कासव ते! त्याचं कसलं पाप?"

"मग तेव्हा कसं होतं?" मी ओरडले.

"तेव्हा घरात टीव्ही एकच होता गो. तुम्ही मेल्याशिवाय माझी मालिका कशी लागणार होती?"