ओढ्यात गेलेली माहेरची वाटी

जरा सरकून बसा बरं, मलाही टेकू द्या. एक गोष्ट सांगतो तुम्हाला. सोनं शोधायला गेलेला माणूस घरचंच सोनं घालवून बसला, त्याची. आधीच सांगून ठेवतो, हिच्यात कुणी मरत नाही, कुणाचं वाटोळं होत नाही, शेवटी सगळे पोटभर खातात. तेव्हा मधेमधे "अरेरे" करू नका. माझी तंद्री मोडते.

तर वेल्समधल्या कार्डिफचे आपले माधवराव. आयुष्यभर हॉस्पिटलात भुलीचे डॉक्टर. हजारो माणसं झोपवली आणि परत उठवली. रिटायर झाले आणि घरातल्या घरात नुसते फिरायला लागले. फ्रिज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा. दहा मिनिटांनी परत. सुप्रभावहिनींनी वर्षभर सोसलं. मग एक दिवस म्हणाल्या, "अहो, कुठेतरी जा तुम्ही. कुठेही जा. पण त्या फ्रिजला सोडा."

झालं. माधवरावांनी कुठूनसा व्हिडिओ बघितला, नदीत उभं राहून सोनं धुवून काढणाऱ्या माणसांचा. आठवड्यात घरी पार्सल. हिरव्या प्लॅस्टिकचा पॅन. दिसायला थेट परात, फक्त आतून एका कडेला तीन-चार पायऱ्या, जड माल अडकायला.

"परात घरात दोन आहेत," वहिनी म्हणाल्या. "तिसरी कशाला?"

"ही परात नाही. हे इन्स्ट्रुमेंट आहे."

"हो का. मग तुमचं इन्स्ट्रुमेंट गराजमध्ये ठेवा."

आता वेल्सच्या डोंगरात सोनं आहे, हे काही खोटं नाही. पण असतं ते मुंगीच्या डोळ्याएवढं. आणि दिसला ओढा की घातला पॅन, असंही चालत नाही तिथे. मालकाची परवानगी लागते. म्हणून माधवरावांनी रीतसर एमरिस शोधून काढला. हा एमरिस म्हणजे म्हातारा, दाढीवाला, स्लेटच्या खाणीतून रिटायर झालेला. उत्तरेला डोंगरात त्याच्या भावाचं मेंढ्यांचं फार्म, त्यातून वाहणारा ओढा, आणि फार्महाऊसमध्ये बी अँड बी, म्हणजे पाहुण्यांची राहण्या-नाश्त्याची सोय. नवशिक्यांना तिथे तो दोन दिवसांत पॅन धरायला शिकवतो. शुक्रवार-शनिवार तिथे, आणि रविवारी तिथूनच परस्पर लंडनजवळ पिनरला, लेकीकडे, शाल्मलीकडे, असा बेत ठरला.

पिनरला जायला कारण होतं. त्याच आठवड्यात वहिनींचं मंगळसूत्र तुटलेलं. काळे मणी किचनभर. शाल्मलीच्या ओळखीतला एक सोनार रविवारी ते ओवून देणार होता. मणी एका पाकिटात, आणि दोन्ही वाट्या मिंटच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कापसात. एक वाटी सासरची, एक माहेरची, आपल्यात असतं तसं. त्यातली माहेरची वेगळी ओळखू यायची. तिच्यावर दात उमटलेला होता. शाल्मलीच्या वेळी कळा असह्य झाल्या तेव्हा वहिनींनी ती दातांत धरली होती. आणि वाटी घडवली होती वहिनींच्या आईनं स्वतःच्या कानातल्या कुड्या मोडून. ती माउली गेली तेव्हा वहिनी इकडे, बर्फात विमानतळ बंद, जायला मिळालं नाही. आईचं म्हणून हातात राहिलं ते एवढंच.

हे सगळं माधवरावांना माहीत होतं बरं का. त्रेचाळीस वर्षं माहीत होतं.

शुक्रवारी पहिला धडा. एमरिसनं दाखवलं: खडकाच्या बुडाशी खणायचं, वाळू-खडी पॅनमध्ये घ्यायची, पाण्यात बुडवून गदगदा हलवायची. जड खाली बसतं. मग पॅन तिरका करून वरवरचं हलकेच पाण्याबरोबर सोडून द्यायचं. परत हलवायचं, परत सोडायचं. शेवटी तळाला चिमूटभर काळी वाळू उरते, त्यात नशीब असलं तर पिवळा ठिपका. वरचं सोडायचं तेही ओढ्यात नाही, शेजारच्या टबात. पाणी गढूळ झालं तर माशांच्या अंड्यांचं वाईट होतं. आणि टब भरला की तो आपण खणलेल्या खड्ड्यात परत ओतायचा, खड्डा बुजवायचा. एमरिसचा नियम.

दिवसभर माधवरावांनी कमरेत वाकून पॅन हलवला. ठिपका नाही.

"डॉक, हात घाई करतोय तुझा," एमरिस म्हणाला. "सोनं वाळूपेक्षा कितीतरी जड. आपण होऊन ते पॅनमधून कधीच जात नाही, माणूस घालवतो. उद्या शिशाचा छर्रा देतो, तो पॅनमध्ये टाक. शेवटी छर्रा तळाला राहिला तर हात बरोबर."

आता डॉक्टर माणूस. रात्रभर डोक्यात तेच. शिशाचं ते शिशाचं, सोन्याची परीक्षा सोन्यानंच घ्यायला पाहिजे. सकाळी वहिनी शॉवरला गेल्या, इकडे यांनी पर्समधली डबी उघडली. हाताला लागली ती वाटी खिशात. लागली ती नेमकी दाताची खूण असलेली. परत जेवायच्या आत ठेवून देऊ, हिला कळणारही नाही, असा विचार.

पहिल्या पॅनला वाटी आतल्या पायरीत अडकून छान राहिली. माधवराव खूश. दुसऱ्यालाही राहिली. तिसऱ्याला जरा जोर आला हाताला, पटापट हलवलं, वरचं टबात, टब खड्ड्यात, खड्डा थापून बंद. मग तळ बघितला.

काळी वाळू. वाटी नाही.

बोटानं वाळू पसरली. नाही. पॅनच्या पायऱ्यांमध्ये बघितलं. नाही. माधवरावांच्या कानात एकदम दडे बसल्यासारखं झालं. ओढा वाहताना दिसत होता, पण ऐकू येईना.

"एमरिस," ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या सोन्याचा एक तुकडा होता आत."

एमरिसनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि बाह्या वर सारून पाण्यात उतरला. "सोनं आहे ना? मग खालीच गेलं असणार. पॅन उचलताना पडलं असेल, खडकाच्या भेगेत बघू."

दोन तास दोघं म्हातारे गुडघाभर गार पाण्यात. भेगा खरवडल्या, रबरी पिचकारीनं तळाची वाळू ओढून काढली, धुवून बघितली. काय सापडावं? एक गंजलेला खिळा आणि मेंढीचा दात. माधवरावांची बोटं निळी पडली. शेवटी एमरिस सरळ उभा राहिला, कंबर धरून. "डॉक, आता घरी जाऊन सांग. मी शोधतो, पण तू सांग."

आता बघा, वाईट बातमी कशी सांगायची याची डॉक्टर लोकांची एक रीत असते. आधी समोरच्याला बसवायचं. मग नाव घ्यायचं. मग आडवळण न घेता एका वाक्यात सांगायचं, आणि गप्प बसायचं. माधवरावांनी ही रीत किती नातेवाइकांसमोर वापरली असेल. फार्महाऊसच्या काचेच्या खोलीत वहिनी पेपर वाचत होत्या. माधवराव ओल्या गमबुटांसकट आत आले.

"प्रभा, बस."

"बसलेलीच आहे मी. बूट काढा आधी, कार्पेट आहे."

माधवरावांची रीत तिथेच संपली. "तुझी माहेरची वाटी मी घेतली होती. प्रॅक्टिसला. ती हरवली गं ओढ्यात."

वहिनींनी पेपरची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. पेपर पार रुमालाएवढा झाला. माधवराव वाट बघत उभे. ओरडेल, रडेल, काहीतरी करेल. आणि गंमत सांगू का, इतक्या भीतीतही त्यांची छाती जरा मोकळी झाली होती. सकाळपासून एकट्यानं धरलेलं होतं, ते आता दोघांचं झालं.

"कुठे?" वहिनी म्हणाल्या. एवढंच. आणि रेनकोट चढवला.

ओढ्यावर एमरिस अजून पाण्यातच. "मिसेस डॉक, आय ॲम सो सॉरी," म्हणाला, जणू चोरी त्यानंच केली होती. वहिनींनी मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "काय करत होतात ते मला करून दाखवा. अगदी तसंच्या तसं."

माधवरावांनी एमरिसच्या पॅनमध्ये खडी घेतली, पाण्यात बुडवली, हलवली, पॅन तिरका केला, वरचं टबात सोडलं.

वहिनी बघत राहिल्या. "हे तर रोळणं आहे."

"काय?"

"रोळणं हो! आई तांदूळ रोळायची ना, खडे काढायला. पातेल्यात पाणी घालून हलवायचे, वरचे तांदूळ दुसऱ्या पातेल्यात सोडायचे. खडे तळाला. त्यासाठी एवढी परात मागवलीत होय?" मग टबात डोकावल्या. "पण तुम्ही ठेवता काय आणि टाकता काय?"

"खालचं ठेवतो. वरचं टाकतो."

"आम्ही वरचं ठेवतो, खालचं टाकतो. वरचं कुठे टाकलंत?"

"अगं, पण वरच्यात कशी असेल? सोनं जड असतं, ते खाली..."

"कुठलं सोनं?" आता आवाज चढला. "वरून पत्रा आहे तो, कागदासारखा! आत सगळी लाख भरलेली आहे. दोन कुड्यांत भरीव वाटी होते का? एवढं मोठं शिकलात, त्या वाटीवर माझा दात उमटलेला बघत आलात इतकी वर्षं. भरीव सोन्यावर दात उमटतो होय? ती खाली कशाला जाईल? ती तांदळाबरोबर गेली!"

माधवरावांनी पॅन खाली ठेवला. मग त्यांनी एमरिसला इंग्रजीत सांगितलं, लाख म्हणजे सीलिंग वॅक्ससारखं, आत तेच भरलेलं, वरून सोन्याची साल. एमरिसनं कपाळावर हात मारला तो असा की मेंढ्या दचकल्या. "दोन तास! दोन तास मी खडकाला गुदगुल्या करतोय!"

मग काय, बुजवलेला खड्डा उकरला. माधवराव खणत होते, एमरिस पाणी ओतत होता, आणि एमरिसचा पॅन वहिनींच्या हातात. गुडघ्यावर बसल्या, रेनकोटची टोकं चिखलात. त्यांना कुणी काही शिकवलं नाही. मनगट असं सैल सोडलं, पाण्यात खडी एका लयीत फिरवली, वरचं बोटांमधून टबात सोडत गेल्या. खालचं सरळ फेकून देत होत्या. एमरिसला बघवेना, तो म्हणाला, "मिसेस डॉक, उलटं करतेयस." "आय नो," वहिनी म्हणाल्या.

पहिला पॅन, काही नाही. दुसरा, नाही. माधवराव खणायचे थांबले. "थांबू नका," वहिनी म्हणाल्या. चौथ्या पॅनला बोटांना काहीतरी गोल लागलं आणि टबात सुटायच्या आत त्यांनी मूठ मिटली.

मूठ उघडली. पालथी, चिखलानं माखलेली, गोगलगायीच्या शंखासारखी. वहिनींनी अंगठा फिरवला. दाताची खूण जागेवर.

 एमरिस मटकन दगडावर बसला आणि टोपीनं तोंड पुसायला लागला. माधवराव उभेच होते, पण त्यांच्या कानातले दडे सुटले. ओढ्याचा आवाज आला एकदम, खळखळून. मेंढ्यांचा आला. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता, त्याचाही. मग लक्षात आलं की सकाळपासून पोटात अन्न नाही. ते वहिनींच्या शेजारी तिथेच चिखलात बसले.

"प्रभा..."

"फ्लास्कमध्ये चहा उरलाय का?"

"आहे."

"मग द्या की."

चहा कोमट झाला होता. तिघांनी एकाच कपातून आळीपाळीनं घेतला. वहिनींच्या बॅगेत लसणीची चटणी लावलेली चीज सँडविचेस होती, तीही संपली. एमरिसच्या डोळ्यांत चटणीनं पाणी आलं आणि त्यानं दुसरं मागून घेतलं. वहिनींनी वाटी रुमालात गुंडाळून गाठ मारली, गाठ मुठीत ठेवली. शिव्या दिल्याच, नाही असं नाही. पण चघळत चघळत, सावकाश. "माझ्या पर्समध्ये हात घालायला लाज नाही वाटली? विचारलं असतंत तर?"

"दिली असतीस?"

"मुळीच नाही. पण लाखेचं तरी सांगितलं असतं."

आणि माधवराव हसले हो. हसता हसता डोळे पुसायला लागले. वहिनींनी न बघता मोकळ्या हातानं त्यांच्या गार पडलेल्या बोटांवरून हात फिरवला, चोळून चोळून.

एवढ्यात एमरिसनं काठावर तसाच पडलेला माधवरावांचा सकाळचा पॅन उचलला, उन्हाकडे धरला. "डॉक! इकडे ये. हे बघ." काळ्या वाळूत एक ठिपका. खरा, पिवळा, वेल्सचा. त्यांचा पहिला. माधवरावांनी चष्मा वर केला, खाली केला, दोनदा बघावं लागलं तेव्हा दिसला.

"एवढ्यासाठी?" वहिनी म्हणाल्या.

"एवढ्यासाठीच," एमरिस म्हणाला. "पण आजच्या सोन्यात तो दुसरा." आणि रोळणं शब्द त्यानं तीनदा घोकून घेतला, "रोलना, रोलना." पुढच्या नवशिक्यांना मी असंच सांगणार म्हणाला.

रविवारी पिनरला मंगळसूत्र ओवून झालं, वहिनींच्या गळ्यात गेलं. शाल्मलीला यातलं एक अक्षर कळलेलं नाही. तिचं आधीच चाललंय, बाबा हल्ली विसरतात, मेमरी क्लिनिकला दाखवू या, घर विकून आमच्याजवळ या. हे कळलं तर उद्याच अपॉइंटमेंट घेईल. वहिनींनीच परतीच्या वाटेवर मोटरवेवर सांगितलं नवऱ्याला, "तिला नाही सांगायचं. तुमचं डोकं ठीक आहे, अक्कल नाही एवढंच." माधवरावांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा तुम्हाला एक हात जोडून सांगणं आहे. तुम्ही पिनरला जाता-येता, शाल्मलीशी तुमचं बोलणं असतं. ही गोष्ट तेवढी तिच्यासमोर काढू नका.