मार्चपर्यंत वैध

सिओक एंगला सत्तरावं लागलं. तिला ना सोनं हवं होतं ना तीन थरांचा केक. थोरल्या मुलाने एकदा तिच्याबरोबर एका टेबलावर बसून जेवावं, एवढीच तिची इच्छा होती. चार वर्षांपूर्वी सुहैलाशी लग्न करताना तो मुसलमान झाला, वेंग किआतचा लुकमान झाला आणि तेव्हापासून आईच्या घरी आला तरी तो पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा.

म्हणून तिने परित जावाच्या धक्क्याजवळचं नियामचं मासळीचं हॉटेल हेरलं. मासा तो मासा, त्यात कसलं हलाल आणि हराम, असं आधी तिचं मत होतं. शेजारच्या कमारियाने तिला वेड्यात काढलं.

"मासा हलालच गं, पण त्याच्यावर तुम्ही चिनी लोक दारू ओतता त्याचं काय? कढईत आधी काय तळलंय ते कोण सांगणार?"

कमारियाने फोनवर हलाल हॉटेलांची सरकारी यादी उघडली. "नुसतं नाव जुळून भागत नाही. पत्ता जुळला पाहिजे. एका शाखेचं सर्टिफिकेट दुसरीला चालत नाही."

पत्ता जुळला. मुदत पुढच्या मार्चपर्यंत होती. तरी सिओक एंग बस पकडून हॉटेलात गेली आणि भिंतीवरच्या चौकटीतली मलय अक्षरं चष्मा लावून एकेक वाचून आली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर चार वर्षं पोळत होती.

सुहैलाचा फोनही येऊन गेला. "मा, केक मी आणते हं. तुम्ही मागवू नका."

जेवणाच्या दिवशीच, रविवारी सकाळी, मुलाचा फोन आला. "मा, मी चेक केलं. त्या हॉटेलचं सर्टिफिकेट संपलंय. आम्हाला नाही येता येणार."

मार्च हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. खोटं बोलणाऱ्या पोराला तोंडावर खोटं पाडलं की ते कायमचं हातचं जातं, असं तिला वाटलं.

"बरं," ती म्हणाली.

दुपारी नियामच्या हॉटेलात सगळं गणगोत गोल टेबलाभोवती जमलं. धाकट्या दिराने, हॉक सेंगने, दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. गेल्या नववर्षाला डुकराच्या मांसाची बशी लुकमानच्या नाकाखाली नाचवून हसला होता तो हाच.

"आ-सो, अगं वहिनी, आपले हाजीसाहेब कुठायत?"

"हॉटेलचं सर्टिफिकेट संपलंय म्हणे. त्याने बघितलं. मग कसा येणार?"

वाफाळता मासा घेऊन नियाम नेमका तिच्या मागेच उभा होता. त्याने ताट टेबलावर ठेवलं, भिंतीवरची चौकट उतरवली आणि तिच्यासमोर आपटली.

"आंटी, वाचा. मोठ्याने वाचा. या कागदापायी मी बिअर बंद केली, डुक्कर बंद केलं, सॉसच्या बाटल्यासुद्धा बदलल्या. जुनी गिऱ्हाइकं शिव्या घालत गेली. आणि माझ्याच दुकानात बसून तुम्ही म्हणता संपलं?"

"चूक माझी," ती पुटपुटली. "मला नीट वाचता येत नाही."

"तू कुठे वाचलंस? किआतने वाचलं ना?" हॉक सेंग म्हणाला. आज त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. "चुकला असेल तो. सांगूया की त्याला. मी माफी मागतो हवं तर. दोन-अडीच तासांत येईल, थांबू आपण."

नको नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावून, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. आता बोलणं भाग होतं.

"आ-किआत, अरे, मार्चपर्यंत आहे. मीच वाचलंय. पत्तापण जुळतोय."

पलीकडे चमच्यांचा आवाज होता, कुणीतरी हसत होतं. मग सुहैला लांबून म्हणाली, "माचा फोन? कार्यक्रम रद्द झाला म्हणालास ना तू?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मा," लुकमान म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं चेक करायला?"

फोन बंद झाला. हॉक सेंगने तो उचलून खिशात टाकला आणि मान खाली घातली. नियामने चौकट पुसली, पण भिंतीवर लावायला काही तो गेला नाही.

"आंटी, मासा गार होतोय," तो हळूच म्हणाला.

सिओक एंगने माशाचा गाल, तो मानाचा घास, काढून दिराच्या वाटीत ठेवला. तिला भयंकर राग आला होता. चार वर्षं तिने सगळ्याचं खापर त्या नव्या धर्मावर फोडलं होतं, सुनेवरही थोडं फोडलं होतं. आता ते फोडायला पोटच्या पोराशिवाय कुणी उरलं नव्हतं.