वेंडेलचे सात कारागीर

वेंडेल क्राउसनं तीस वर्षं पितळी इंजिनांच्या पोटाखाली डोळे घालून काढली. बायको घर सोडून गेली, ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

ही हौशी लोकांसाठीची, हातभर लांबीची आगगाडीची नमुना इंजिनं जपानहून यायची. खोक्यावर नाव असायचं ते मागवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं. घडवणारा कारागीर कोण, ते कुठंच नाही. वेंडेलनं भिंगातून सोल्डरिंगचे डाख बघून बघून सात कारागीर हुडकले, त्यांना टोपणनावं दिली, एकेकावर एकेक प्रकरण लिहिलं. ते पुस्तक छापायचं की नाही, हे आज चर्चच्या तळघरात इंजिनवेड्यांच्या क्लबची सभा ठरवणार होती.

सभा सुरू होणार तेवढ्यात डॉयल प्रुइट एका म्हातारीला घेऊन आला. डॉयल म्हणजे वेंडेलचा जुना वैरी.

"या टोमीबाई. इथं टोलेडोला लेकीकडे आल्यात. तोक्योत हेच काम करायच्या. म्हटलं, तुझ्या माणसांना ओळखत असतील!"

वेंडेल हरखला. पहिलं इंजिन पुढं सरकवत म्हणाला, "हा आमचा थरथऱ्या. म्हातारा असणार, हात कापायचा."

टोमीबाईंनी उलटंपालटं केलं. "मीच. थंडी होती."

"बरं, हा कंजूष. सोल्डर जपून वापरतो."

"मीच. मालक मोजून द्यायचा."

"अहो, पण ही दोन वेगळ्या कारखान्यांतली इंजिनं!"

"सगळे कारखाने माझ्याच घरी काम टाकायचे."

"हा डावखुरा?" वेंडेलचा आवाज चिरकला.

"उजवा हात भाजला होता."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. डॉयल म्हणाला, "लेका, चालू दे की! अजून चार उरलेत."

तिघं असेच गेले. उरला सातवा. वेंडेल त्याला 'संत' म्हणायचा. एक थेंब इकडचा तिकडं नाही. त्याच्यावर नव्वद पानं होती.

"आजी, नीट बघा. हा तरी दुसरा कोणी असेल?"

टोमीबाईंनी बराच वेळ बघितलं.

"मीच," त्या म्हणाल्या. "सासू समोर बसली होती."

तळघर हसून हसून लोळलं. वेंडेल ओरडला, "वय झालंय हिचं! हिला काय आठवतंय?"

"असेल तसंही," टोमीबाई नम्रपणे म्हणाल्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "पुस्तक छापू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. टोमीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि सगळ्यांनी हात वर केला म्हणून आपलाही केला.